अल्ब्युमिन एकटं वाचू नकोस

चि.,

धारणी तालुक्यातल्या कोरकू बायांचे तुझे आकडे पाहिले. रक्तातलं टोटल प्रोटीन, म्हणजे सगळ्या प्रथिनांची बेरीज, सगळ्यांचं डेसिलिटरला सात-साडेसात ग्रॅम. गाईड म्हणतात, "प्रथिनं पुरेशी मिळतात, लिहून मोकळी हो." लिहू का, म्हणून तू विचारतेस.

नको लिहूस. त्या बेरजेत अल्ब्युमिनबरोबर, म्हणजे यकृतात बनणाऱ्या रक्तातल्या मुख्य प्रथिनाबरोबर, ग्लोब्युलिनही असतं; रोगाशी लढणारी प्रथिनं त्यातच येतात. मलेरिया, जंत, जुनाट खोकला अंगावर काढणाऱ्या बाईचं ग्लोब्युलिन चढलेलं असतं. ते अल्ब्युमिनची खोट झाकतं आणि बेरीज गोंडस दिसते. आधी दोन्ही वेगळं काढ.

आणि अल्ब्युमिन 3.5 च्या खाली आलं की लगेच 'कुपोषण' म्हणून बोंब मारू नकोस. ताप असला, कुठे सूज असली की यकृत ते कमी बनवतं, शिवाय ते रक्तवाहिन्यांतून बाहेर झिरपतं. त्याच नमुन्यातून सीआरपी कर, म्हणजे अंगात दाह आहे का ते कळेल. पैसे पुरत नसतील तर नमुने कमी घे. प्रीअल्ब्युमिनचा मोह नको. यकृताचंच हे दुसरं प्रथिन; त्याचं अर्धायुष्य दोनच दिवसांचं, म्हणून बदल लवकर दाखवतं, पण तापात तेही पडतं. अल्ब्युमिन एकटं वाचू नकोस, एवढंच माझं म्हणणं.

मी ते तसं एकटं वाचलं होतं. मेळघाटातच, भर पावसाळ्यात, गावात तापाची साथ असताना. अल्ब्युमिन पडलेलं दिसलं आणि मी 'प्रथिनांची तीव्र कमतरता' असं ठोकून दिलं. वाहवा झाली, पुढचं अनुदानही आलं. आम्हाला तेव्हा सीआरपी परवडत नव्हतं, हे खरं. पण थर्मामीटर खिशातच होता की! ती माणसं उपाशी नव्हती असंही मी म्हणत नाही. सावनात त्यांच्या कणग्यांचा तळ मी या डोळ्यांनी पाहिलाय. भूक खरी होती, माझा पुरावा खोटा होता. आजही कुणी तो अहवाल काढला की मी आधी भुकेचंच बोलतो, पुराव्याचं नंतर.

उलटही होतं. हाडांचा सापळा झालेल्या पोराचं अल्ब्युमिन कित्येकदा ठीक येतं. पायांवर सूज असलेल्याचं पडतं. पाच वर्षांखालच्या अशा पोराच्या दंडाचा घेर 11.5 सेंटिमीटरच्या आत भरला, तर प्रयोगशाळेच्या कागदाची वाट बघत बसायचं नाही. हे तुला मी तिसऱ्यांदा सांगतोय.

गाईडशी भांडण रविवारनंतर कर. आधी तुझी वही काढ. रक्त घेतलं त्या दिवशी कुणाला ताप होता, हे लिहिलंयस का? नसेल तर परत जा, आणि जाताना प्रत्येकीचा रिपोर्ट हातात घेऊन जा. मी नेला नव्हता.