साहित्यातलं परकेपण आणि माणसाचा रोजचा एकटेपणा, यांचा खरंच काही संबंध आहे का?

तुम्ही विचारलंय की कादंबऱ्यांमधला तो समाजापासून तुटलेला, परात्म नायक आणि प्रत्यक्षात माणसं भोगतात तो एकटेपणा यांचा काही संबंध आहे का, आणि यावर काय वाचावं. संबंध आहे. इतका उघड आहे की तो नाकारायला साहित्यात एम. ए. करावं लागतं.

जरा चिडूनच लिहितेय, कारण हा वाद आमच्या घरात बरीच वर्षं धुमसतोय. माझा थोरला चुलतभाऊ साहित्य शिकवायचा. माझ्यावर जे गुदरलं ते ऐकून दादा म्हणाला होता, "ही परात्मता नव्हे गं, हे ऑफिसातलं राजकारण. परात्मता फार खोलची गोष्ट असते."

तर ते राजकारण ऐका. मी हिशेब विभागात होते. माल आल्याची नोंदच नसलेली काही बिलं माझ्याकडे मंजुरीला आली, मी ती परत पाठवली. आरडाओरडा झाला नाही. मेमो नाही, चौकशी नाही. फक्त हळूहळू फायली यायच्या थांबल्या. मग संगणकावर मला नुसतं बघता येई, नोंद करता येईना. टेबल जुन्या दप्तरांच्या खोलीलगत हललं, "तिथे शांत असतं" म्हणून. मीटिंगचे निरोप मला वगळून सगळ्यांना जाऊ लागले. पगार मात्र वेळेवर, एका पैचीही कपात नाही. आता तक्रार कशाची करणार? काम देत नाहीत याची? ज्याला सांगावं तो म्हणायचा, नशीब काढलंस.

सहकारी दुष्ट नव्हते. भेटले की हसायचे, तब्येत विचारायचे. पण जेवणाच्या सुट्टीत मी जाऊन बसले की बोलणं हवापाण्यावर यायचं. एकदा टेबलावरचा फोन वाजला, राँग नंबर होता. पलीकडच्या बाईला मी गरजेपेक्षा कितीतरी जास्त वेळ बोलण्यात गुंतवून ठेवलं. जुन्या वह्यांच्या बेरजा पुन्हा करून बघायचे. त्या बरोबरच असायच्या. खरं वाईट याच्या पुढचं होतं. घरी मुलीनं काही विचारलं की तिलाही मी बेतशीर, उद्या कुणाला बोट ठेवता येणार नाही असं उत्तर द्यायला लागले. एकदा ती वैतागून म्हणाली, "आई, तू माझ्याशी बोलतेयस की पत्रव्यवहार करतेयस?"

त्या रिकाम्या टेबलाशी बसून मी फ्रान्झ काफ्का या लेखकाची 'मेटामॉर्फोसिस', ती माणसाचा किडा होतो ती गोष्ट वाचली. 1915 सालची. दादानं ती वर्गात कैक वेळा शिकवली असेल. विश्वातलं माणसाचं एकटेपण, अस्तित्वाची भीती वगैरे. मला पहिल्या पानांत काय दिसलं सांगू? ग्रेगॉर किडा होऊन जागा होतो आणि त्याला काळजी कशाची, तर गाडी चुकल्याची. आजारी असल्याचं कळवावं तर मालक विमा कंपनीचा डॉक्टर घेऊन येईल, आणि त्या डॉक्टरच्या लेखी जगात सगळे धडधाकट आणि कामचुकार. थोड्याच वेळात ऑफिसातला मुख्य कारभारी थेट घरी हजर. बंद दाराआडच्या माणसाला आईबापांदेखत ऐकवतो की तुमच्याकडे वसुलीची रोकड दिली होती, मालकांना त्यावरून वेगळीच शंका येतेय. दार अजून उघडलेलंही नाही! आई-वडिलांवर मालकाचं कर्ज आहे, ते फेडायला हा राबतोय. राबणं थांबतं तसं घरच्यांच्या लेखी त्याचं माणूसपण संपत जातं. सगळ्यात जवळची बहीणच शेवटी म्हणते की याला आता घालवायलाच हवं. हे ऑफिसातलं राजकारण नाही तर काय आहे? काफ्का स्वतः 1908 पासून 1922 पर्यंत प्रागमधल्या कामगारांच्या अपघात विमा संस्थेत नोकरीला होता. साहेब, फाइल आणि दावा म्हणजे काय हे त्याला दादापेक्षा जास्त माहीत होतं.

माझं म्हणणं एवढंच आहे की परकेपणाला बहुतेक वेळा कर्ता असतो. कुणीतरी ते करतं, आणि समीक्षक तो कर्ता पुसून त्याची मनःस्थिती करून टाकतात. मार्क्सनं 1844 च्या हस्तलिखितांत (छापून आली थेट 1932 साली) परात्मतेची सुरुवातच कामापासून केली. कामगार जे बनवतो ते त्याचं राहत नाही, मग काम करणंही त्याचं राहत नाही, आणि होता होता तो स्वतःला आणि शेजारच्या माणसालाही परका होतो. माझ्याकडून तर कामच काढून घेतलं होतं, आणि तरी पोचले मी त्याच जागी. मेल्विन सीमन या समाजशास्त्रज्ञानं 1959 साली परात्मतेचे पाच अर्थ वेगळे केले: हाती काही नसणं, अर्थ न लागणं, नियमांवरचा विश्वास उडणं, इतरांपासून तुटणं आणि स्वतःपासून तुटणं. मी ते वाचून दादाला फोन केला, म्हटलं पाचही आहेत, मोजून घे. तो म्हणाला, "समाजशास्त्र वेगळं, साहित्य वेगळं."

याहून साधी गोष्ट किपलिंग विल्यम्स या मानसशास्त्रज्ञाची. बागेत बसला असताना दोन अनोळखी माणसांची फ्रिस्बी त्याच्याकडे आली, त्यानं परत फेकली, त्यांनी त्याला खेळात घेतलं आणि थोड्या वेळानं काही न बोलता टाकणं बंद केलं. त्याला इतकं लागलं की त्यावरून त्यानं प्रयोगच बेतला. संगणकावर चेंडूचा खेळ, त्यात तुम्हाला चेंडू येईनासा होतो. पुढे 2004 च्या अभ्यासात दिसलं की समोर माणसं नाहीत, नुसता संगणक खेळतोय हे आधी सांगितलं तरी वगळलेल्या माणसाला लागायचं ते लागतंच. यात खोल काय नि उथळ काय?

मराठीत बघायचं तर 1963 हे एकच वर्ष घ्या. त्या वर्षी भालचंद्र नेमाडेंची 'कोसला' ही कादंबरी आली आणि बाबूराव बागुलांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा कथासंग्रहही आला. 'कोसला'चा नायक पांडुरंग सांगवीकर, त्याच्या तुटलेपणावर ढिगानं लिहिलं गेलं. बागुलांच्या शीर्षककथेतला तरुण जात लपवून राहतो, ती उघड होते आणि त्याला मारहाण होते. पण त्याला आपण 'दलित साहित्य' या फळीवर ठेवला, 'परात्मता' या फळीवर नाही. का? त्याला परकं करणारे हात गोष्टीत दिसतात म्हणून? आल्बेर काम्यू या फ्रेंच लेखकाच्या 'द आउटसायडर' या 1942 च्या कादंबरीतही सगळी चर्चा आईच्या अंत्यविधीला न रडलेल्या नायकाची. त्यानं गोळ्या घातलेल्या अरब माणसाला त्या पुस्तकात नावसुद्धा नाही. अल्जीरियाच्या कामेल दाऊद या लेखकानं 2013 साली आपल्या कादंबरीत त्या मेलेल्या माणसाच्या भावाला बोलतं केलं, तेव्हा कुठे तो माणूस झाला. 'कोसला' मला आवडते, गैरसमज नको. दोनदा वाचलीय.

बाकी ब्रिटननं 2018 साली आणि जपाननं 2021 साली एकाकीपणासाठी मंत्री नेमला, ते ठीक. माणसांना भेटवण्याचे कार्यक्रम होतील. माझ्या टेबलावर फाइल कुठल्याही मंत्र्यानं आणली नसती.

आता हेही सांगायला हवं की प्रत्येक एकटेपणामागे कुणीतरी बदमाश असतोच असं नाही. जवळचं माणूस गेल्यावरचं एकटेपण वेगळं, नैराश्य वेगळं, आणि ते असेल तर कादंबऱ्या बाजूला ठेवून डॉक्टरकडे जा. काहींना एकटं राहणं मनापासून आवडतं, त्यांच्याबद्दल मी बोलतच नाहीये. आणि तुम्ही हे परीक्षेसाठी विचारत असाल तर माझं उत्तर लिहू नका, मार्क जातील.

मी शेवटी ती नोकरी सोडली. दुसरीकडे लागले, आणि तिथल्या साहेबांशी पहिल्याच आठवड्यात कडाक्याचं भांडण झालं. त्या दिवशी घरी येऊन मी मुलीशी तासभर बोलत होते.

वाचायचंच असेल तर काफ्काची गोष्ट मुख्य कारभारी जिन्यावरून पळून जातो तिथपर्यंत आधी वाचा आणि थांबा, कोण कुणाला काय करतंय ते कागदावर लिहून काढा. मग बागुल. मग मार्क्सची परात्म श्रमावरची मोजकी पानं, ती वाटतात तितकी अवघड नाहीत. समीक्षा सगळ्यात शेवटी. दादाचा या विषयावर एका मासिकात मोठा लेख आला होता, तो शोधत बसू नका.