उथळ पाण्यातली होडी आणि अंगावर उडणारे पाणी

फ्लोरिडातील बिस्केन उपसागरात मासेमारीसाठी पहिली फ्लॅट्स स्किफ (उथळ पाण्यासाठीची छोटी होडी) घेताना ती किती कमी पाण्यात तरंगते, एवढेच पाहू नका. 6 ते 10 इंच पाण्यात जाणाऱ्या होडीचा तळ सपाटीकडे झुकलेला आणि काठ बुटका ठेवावा लागतो. त्यामुळे आखूड, उभ्या लाटांवर ती आदळते आणि उडालेले पाणी वारा थेट अंगावर आणून टाकतो. जाहिरातीतली ‘कोरडी सफर’ मी तरी, वारा नाळेच्या (होडीच्या पुढच्या टोकाच्या) एका बाजूने तिरका येत असताना होडी चालवून पाहिल्याशिवाय मानत नाही, कारण अगदी समोरच्या वाऱ्यात बऱ्याच होड्या शहाण्यासारख्या वागतात. चाचणीच्या वेळी ट्रिम टॅब (होडीच्या मागच्या टोकाला तळाशी बसवलेल्या, खालीवर होणाऱ्या पट्ट्या) थोडे उतरवून नाळ दाबा, म्हणजे तिचा धारदार भाग लाट कापेल. वाऱ्याकडच्या बाजूचा टॅब किंचित अधिक उतरवला की ती बाजू उचलली जाते आणि पाणी कमी उडते. लाटा मागून येत असतील तर मात्र टॅब वर घ्या, नाहीतर दबलेली नाळ पाण्यात रुतून होडी अचानक आडवी वळू शकते. नाळेलगतच्या स्प्रे रेल (उडणारे पाणी बाहेर वळवणाऱ्या पट्ट्या) उपयोगी असतात, पण त्या 17 फुटी स्किफची 24 फुटी बे बोट (उंच काठाची मोठी होडी) करत नाहीत. रेनकोट होडीतच ठेवा.