मर्यादा पाळायच्या तर चिमटा गरिबाच्याच पोटाला का?

तुमचा प्रश्न असा, की निसर्गाच्या मर्यादा पाळणारं अर्थकारण म्हणजे शेवटी गरिबालाच पोटाला चिमटा घ्यायला सांगणं नाही का? शंका रास्त आहे. मर्यादा आधी घातली आणि वाटपाचं नंतर बघू म्हटलं, तर नेमकं तसंच होतं. दोन्ही एकाच बैठकीत ठरवावं लागतं, आणि ते पुणे जिल्ह्यातल्या पुरंदर तालुक्यात करून दाखवलेलं आहे.

१९७२ च्या दुष्काळात पुण्याचे उद्योजक विलासराव साळुंखे यांनी तिथल्या शेतकऱ्यांना दुष्काळी कामावर खडी फोडताना पाहिलं. १९७४ मध्ये त्यांनी ग्राम गौरव प्रतिष्ठान काढलं, नायगावच्या माळावर पाणी अडवून प्रयोग केले, आणि त्यातून पाणी पंचायत, म्हणजे गावकऱ्यांनी मिळून पाणी वाटून घेण्याची व्यवस्था, उभी राहिली. पाणी द्यायचं ते जमिनीच्या हिशोबाने नाही, माणसाच्या. माणशी अर्धा एकर भिजेल एवढं, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. वीस एकरवाल्यालाही तेवढंच. भूमिहीनालाही वाटा. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जात नाही. आणि ऊस बंद.

लोक अडतात ते ऊसबंदीवर, म्हणून त्याबद्दल जरा सविस्तर. आडसाली ऊस जवळपास दीड वर्ष शेतात उभा असतो आणि ऐन उन्हाळ्यात पाणी मागतो. तेवढ्या पाण्यात ज्वारी, बाजरी, हरभरा, थोडा कांदा करणारी कितीतरी घरं निघतात. उसाचा पैसा आला की तालुक्याचं उत्पन्न वाढलेलं दिसतं, पण शेजारची विहीर आटली ते त्या हिशोबात कुठेच वजा होत नाही. उलट नवी बोअर मारली, टँकर मागवला, की तो खर्चही जीडीपीत जमेलाच धरतात. बदलायचा तो हा हिशोब.

हे सगळं सोपं नव्हतं. पाणी मोटारीने उपसून शेतापर्यंत चढवायचं, म्हणजे उपसा योजना म्हटली की वीजबिल आलं, मोटारीची दुरुस्ती आली, पाण्याच्या पाळीवरून भांडणं आली, आणि सगळ्या योजना काही टिकल्या नाहीत.

तरी तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला भूमिहीनाच्या वाट्यात दिसतं. जमीन नसली तरी त्याच्या नावावर पाणी होतं. दुसऱ्याचं रान वाट्याने करायचं तर तो हात पसरत नव्हता, आपलं पाणी घेऊन बोलणी करू शकत होता. मर्यादेने त्याचं काही काढून घेतलं नाही. बागायतदाराचं पाणी अडीच एकरांवर थांबलं, म्हणून तर भूमिहीनाच्या वाट्याला ते आलं.