गाडीला १२० तास, विमानाला २०?

मेलबर्नच्या टार्नीट उपनगरातून एका आईचं पत्र आलं आहे. थोडक्यात ते असं:

"मुलगी साडेपंधरा वर्षांची, इयर टेनमध्ये. वाढदिवसाला मामाने अर्ध्या तासाची ट्रायल फ्लाइट भेट दिली आणि तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. तिला रिक्रिएशनल पायलट सर्टिफिकेट करायचंय, पुढे एअरलाइनमध्ये जायचंय. फ्लाइंग स्कूलवाले म्हणाले, पंधरा पूर्ण झाली की एकटीने उडता येतं आणि सर्टिफिकेटला किमान २० तास पुरतात. इथे गाडीच्या लायसन्ससाठी मुलांना १२० तासांची नोंदवही भरावी लागते, आणि विमानाला २०? त्यात विमानात एक पाटी होती की हे विमान नेहमीच्या विमानांचे सुरक्षा-नियम पाळत नाही, बसणाऱ्याने स्वतःच्या जबाबदारीवर बसावं. वाचून पोटात गोळा आला. नवरा म्हणतो, आधी बारावी. साताऱ्याहून सासूबाई रोज फोनवर रडतात. आम्ही अजून पीआरवर आहोत, नागरिकत्व नाही, पैसाही बघावा लागतो. नाही म्हणू का?"

प्रिय ताई,

नाही म्हणू नका. पण हो म्हणायचीही घाई करू नका, कारण तुम्हाला पडलेले प्रश्न बरोबर आहेत.

आधी त्या तासांचं बघू. गाडीचे १२० तास मूल बहुतेक वेळा आईबापांच्या शेजारी बसून भरतं. दूध आणायला गाडी काढलीत तरी ती मिनिटं त्यात धरली जातात. विमानाच्या २० तासांतले निदान ५ तास एकटीने उडायचे असतात आणि उरलेला प्रत्येक तास शेजारी प्रशिक्षक असतो. तो शिकवतो, तपासतो, लिहून ठेवतो, आणि त्याला खात्री पटल्याशिवाय पुढचा धडा सुरू होत नाही. शिवाय २० हा कायद्याचा तळ आहे. आठवड्यातून एकदा, तेही हवा साथ देईल तेव्हा उडणाऱ्या मुलांना त्याहून बरेच जास्त तास लागतात. त्यामुळे २० तासांचा हिशेब धरून पैसे बाजूला काढू नका. प्रशिक्षकासह तासाला दोन-अडीचशे डॉलर, कुठे त्याहूनही जास्त, असा खर्च येतो.

आणि सर्टिफिकेट हातात आलं तरी तिला मिळतं काय? दोन आसनी विमानात, दिवसाउजेडी, ढगांपासून लांब राहून, आपल्या मैदानाच्या आसपास २५ सागरी मैलांत एकटीने उडायची परवानगी. कुणाला शेजारी बसवायचं तर वेगळी मान्यता लागते, लांब जायचं तर आणखी वेगळी. गाडीत मात्र व्हिक्टोरिया राज्यात अठराव्या वर्षी पी-प्लेट, म्हणजे नवशिक्या चालकाचं लायसन्स, मिळाली की त्याच रात्री ती हायवेवर जाऊ शकते. आई म्हणून मला त्या रात्रीची जास्त काळजी वाटेल.

आता त्या पाटीविषयी. ती खरी आहे आणि तिचा अर्थही तोच आहे. तो सौम्य करून सांगणं मला पटणार नाही. मोठ्या विमानाचं डिझाइन सरकारी यंत्रणा बारकाईने तपासते. या हलक्या विमानांच्या बाबतीत, ठरलेली मानकं पाळली आहेत असं कंपनी स्वतः जाहीर करते. घरी बांधलेल्या विमानांची तर आणखी वेगळी तऱ्हा. या वर्गाच्या बहुतेक विमानांची नोंदणी आणि वैमानिकांची सर्टिफिकेटं सांभाळते रिक्रिएशनल एव्हिएशन ऑस्ट्रेलिया. १९८३ साली अल्ट्रालाइट उडवणाऱ्यांच्या संघटनेतून ती उभी राहिली आणि आज 'कासा' या सरकारी प्राधिकरणाच्या देखरेखीखाली चालते. वजनाची मर्यादा बरीच वर्षं ६०० किलो होती, अलीकडे काही विमानांसाठी ती ७६० झाली. म्हणजे माणसं आणि पेट्रोल धरूनही हे विमान तुमच्या घरच्या गाडीपेक्षा हलकं.

या हलकेपणाचा एक फायदा मात्र आहे. उतरण्याच्या तयारीतलं असं विमान वेग ४५ नॉटपर्यंत, म्हणजे ताशी सुमारे ८३ किलोमीटरपर्यंत उतरला तरी तरंगत राहू शकतं. इंजिन बंद पडलं म्हणून ते दगडासारखं खाली येत नाही. हळूहळू उंची सोडत जातं, आणि वैमानिकाच्या नजरेत आधीपासून एखादा पॅडॉक, म्हणजे मोकळं शेत, असेल तर तिथे उतरता येतं. तुमच्या मुलीला हे इतक्यांदा घोटवून घेतील की गाडीतून जातानाही ती शेतं हेरत बसेल.

इंजिनं बंद पडतात, हेही सांगायला हवं. क्वीन्सलंडमधल्या बंडाबर्ग गावी जाबिरू नावाची विमानं आणि इंजिनं तयार होतात. शिकणाऱ्यांच्या कित्येक पिढ्या त्यांवर शिकल्या. त्या इंजिनांच्या तक्रारी वाढल्यावर डिसेंबर २०१४ मध्ये कासाने त्यांच्यावर निर्बंध घातले. एकट्याने उडणाऱ्या शिकाऊ वैमानिकाला आणि प्रवाशाला जोखीम माहीत असल्याचं लिहून द्यावं लागे. अपघात तपासणाऱ्या सरकारी ब्युरोने २००९ ते २०१४ या काळाचा अभ्यास करून सांगितलं की जाबिरू इंजिनांच्या बिघाडाचं प्रमाण इतर कंपन्यांच्या दुपटीहून जास्त होतं. कंपनीच्या सूचनांबरहुकूम देखभाल असेल तर निर्बंध नाहीत, असं २०१६ मध्ये ठरलं. म्हणून स्कूलमध्ये गेल्यावर विमानाचा रंग बघण्याआधी देखभालीची वही मागा. शिकवण्याच्या विमानाची देखभाल त्या कामाची मान्यता असलेल्या माणसानेच करायची असते. वही दाखवायला टाळाटाळ झाली तर तिथूनच परत फिरा.

पण ताई, माझी खरी भीती यंत्राची नाही.

आपल्याकडे एक वाक्य आहे: "आता एवढं आलोच आहोत तर..." महाबळेश्वरला धुकं दाटलंय, पण एवढं आलोच आहोत तर पॉइंट बघून जाऊ. हे वाक्य खंबाटकी घाटात फार महागात पडत नाही. धुकं वाढलं तर गाडी कडेला लावता येते, इंडिकेटर चालू ठेवता येतात, चहाची टपरी सापडते. आकाशात कड नसते. मेलबर्नच्या उत्तरेला किलमोर गॅप नावाची डोंगरातली खिंड आहे. खाली ढग उतरले की तिथे वैमानिक अडकतात, हे व्हिक्टोरियातला प्रत्येक प्रशिक्षक सांगेल. इलिनॉय विद्यापीठात १९५४ साली एक प्रयोग झाला. ढगात उडायचं शिक्षण नसलेल्या २० जणांना, ढगात शिरल्यावर जसं काही दिसत नाही तशा स्थितीत ठेवलं. विसाच्या वीस जणांचा विमानावरचा ताबा सुटला, आणि त्याला सरासरी वेळ लागला १७८ सेकंद. म्हणजे तीन मिनिटंसुद्धा नाही. अक्कल कमी म्हणून हे होत नाही. क्षितिज दिसेनासं झालं की कानातला तोल माणसाला फसवतो, आणि विमान कलंडत असताना शरीर ठासून सांगतं की सगळं सरळ आहे.

दुसरी जागा म्हणजे उतरतानाचं शेवटचं वळण. वेग कमी, उंची कमी, आणि धावपट्टीची रेघ ओलांडली गेली म्हणून वळण आवळायचा मोह होतो. तिथे पंखावरची हवा सुटून विमानाचा आधार गेला तर सावरायला उंचीच उरलेली नसते. अशा वेळी उतरणं सोडून द्यायचं, वर जायचं आणि पुन्हा फेरी मारून यायचं. हे तंत्र तासाभरात कळतं. पण कुंपणाजवळ घरचे बघत उभे असताना ते करायला धीर लागतो.

माझ्याकडे येणाऱ्या एका मुलाचं सांगते. सर्टिफिकेट मिळालेलं, मुलगा गुणी, वडील हौशी. घरापासून मैदान दीड तासावर. एका रविवारी पोचेपर्यंत आडवा वारा वाढला होता. मुलगा म्हणाला, नको वाटतंय. वडील म्हणाले, एवढा लांब गाडी हाकत आलोय, एक फेरी तरी मार. उतरताना विमान दोनदा उसळलं आणि नाकाचं चाक वाकलं. मुलाला खरचटलंही नाही, पण त्यानंतर सहा महिने तो उडाला नाही. वडील माझ्यासमोर बसून रडले. मुलावर त्यांचं प्रेम कमी नव्हतं. मुलाचं "नको" त्यांना भित्रेपणा वाटलं, एवढंच.

तेव्हा तुमच्याकडून मला एकच गोष्ट हवी आहे. मैदानावर जाऊन ती न उडता परत आली तर "पैसे वाया गेले का?", "मग गेलीस कशाला?" असं घरात कुणी म्हणायचं नाही. विचारायचंच असेल तर "वारा किती होता?" एवढं विचारा आणि जेवायला वाढा. दिवसाउजेडीच उडायचं, अखेरच्या उजेडाच्या १० मिनिटं आधी उतरायचं, टाकीत ३० मिनिटांचं पेट्रोल हात न लावता राखून ठेवायचं, असे नियम ती पुस्तकातून शिकेलच. नाही म्हणायची मुभा मात्र तिला घरातूनच मिळू शकते.

स्कूल निवडताना आणखी एक बघा. छोट्या मैदानांवर कंट्रोल टॉवर नसतो. रेडिओवर आपण कुठे आहोत ते सांगायचं, दुसऱ्यांचं ऐकायचं आणि डोळे उघडे ठेवायचे. २८ जुलै २०२३ रोजी ब्रिस्बेनच्या उत्तरेला कॅबूल्चर इथे, एकमेकींना छेदणाऱ्या धावपट्ट्यांवर, ग्लायडर (बिनइंजिनाचं विमान) ओढणाऱ्या विमानाची आणि एका जाबिरूची टक्कर झाली. जाबिरूमधले दोघं गेले. दोन्ही धावपट्ट्यांच्या मध्ये झाडी होती, एकाला दुसरा दिसत नव्हता. तुम्ही एक शनिवार सकाळ नुसती क्लबहाऊसच्या बाकावर बसून काढा. रेडिओवर माणसं नीट बोलतात का ते ऐका. प्रशिक्षकाला विचारा, "शेवटचं उड्डाण तुम्ही कधी रद्द केलंत, आणि का?" चांगला प्रशिक्षक यावर दहा मिनिटं बोलेल. "आम्ही सहसा रद्द करत नाही" असं उत्तर आलं तर ते स्कूल तुमच्या मुलीसाठी नाही.

आता करिअर. या सर्टिफिकेटवर नोकरी मिळत नाही. ते छंदासाठीच आहे. पण ते वायाही जात नाही. त्यावरून कासाचं रिक्रिएशनल लायसन्स घेता येतं (त्याला वय १६ लागतं), मग सतराव्या वर्षी प्रायव्हेट, अठराव्या वर्षी कमर्शियल. मला त्याचा मोठा उपयोग वेगळाच वाटतो. एअरलाइनचं स्वप्न बघणाऱ्या मुलांपैकी कितीतरी जणांना विमानतळ आवडतो, गणवेश आवडतो. पहाटे उठून पंखावरचं दव पुसणं, टाकीतून थोडं पेट्रोल काढून त्यात पाणी आहे का ते बघणं, आणि मग ढग खाली म्हणून घरी परतणं, हेही आवडतं का? दहा-बारा तासांत ते कळतं. वैमानिकाच्या एखाद्या डिप्लोमाची मोठी फी भरल्यावर कळण्यापेक्षा आता कळलेलं बरं.

मात्र करिअरचा विचार पक्का असेल तर मोठा पैसा घालण्याआधी क्लास वन मेडिकल करून घ्या, कासाने नेमलेल्या डॉक्टरकडे. हौशी उडण्याला गाडी चालवण्याइतकी तब्येत पुरते. कमर्शियलला ही तपासणी लागते आणि तिच्यात रंग ओळखण्याची दृष्टीही बघतात. तब्येतीतली अडचण आधी कळली तर रस्ता बदलता येतो, आणि रस्ते आहेत: विमानांची देखभाल, एअर ट्रॅफिक कंट्रोल, हवामानशास्त्र. हौशी वैमानिकांतून या कामांत आलेली माणसं मैदानावर तिला भेटतीलही.

पैशांचं म्हणाल तर व्हेट स्टुडंट लोन हे व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठीचं सरकारी कर्ज मुख्यतः नागरिकांसाठी असतं, पीआरवाल्यांना सहसा मिळत नाही. म्हणून डिप्लोमाचा विचार नागरिकत्वाच्या अर्जाशी जोडून करा. आणि तुमचे यजमान "आधी बारावी" म्हणतात त्यात तथ्य आहे. व्हीसीईला, म्हणजे इथल्या बारावीला, गणित आणि भौतिकशास्त्र सोडू देऊ नका. पुढे कधी भारतात उडायचं ठरलं तर डीजीसीए, म्हणजे तिथलं विमान वाहतूक प्राधिकरण, बारावीला हेच दोन विषय मागत आलं आहे, शिवाय २०० तास आणि तिथल्या परीक्षा. उड्डाण महिन्यातून दोनदा, अभ्यास रोज, असं जमू शकतं. परीक्षेच्या टर्ममध्ये उड्डाण बंद. झोप अपुरी असेल तर उडायचं नाही, हाही सुरक्षेचाच नियम आहे.

सासूबाईंना नॅन्सी बर्डची गोष्ट सांगा. १९३३ साली सतराव्या वर्षी ती सिडनीत चार्ल्स किंग्सफर्ड स्मिथ या नामांकित वैमानिकाकडे विमान शिकायला गेली, एकोणिसाव्या वर्षी कमर्शियल लायसन्स मिळवलं आणि न्यू साउथ वेल्सच्या ओसाड भागात, जिथे डॉक्टर पोचत नव्हता तिथे, तान्ह्या बाळांच्या तपासणीसाठी नर्सला विमानाने नेऊ लागली. सिडनीच्या नव्या विमानतळाला तिचं नाव दिलंय. आजींना बाळांची गोष्ट नक्की आवडेल. रडणं थांबेल असं मी म्हणत नाही, पण रोजच्या फोनवर बोलायला दुसरं काहीतरी मिळेल.

मुलगी अठराच्या आत आहे, त्यामुळे स्कूल तुमची सही मागेल. ती शनिवारची सकाळ बाकावर काढून झाल्याशिवाय करू नका. जाताना मुलीच्या बाबांनाही बरोबर न्या, आणि रद्द झालेल्या उड्डाणाचा प्रश्न त्यांनाच विचारू द्या.

तुमची,
करिअर मार्गदर्शक