नेलस्पॉट ००७ ही जुनी पेंटबॉल गन नेमकी कधी बनली, किती बनल्या, हे कसं शोधायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: अमेरिकेतल्या भावानं गराज सेलमध्ये नेलस्पॉट ००७ घेतली, विकणारा म्हणाला 'ही १९८१ ची, फार थोड्या बनल्या', आणि यातलं किती खरं ते तुम्हाला तपासायचंय. मी या जुन्या गन्सचा हौशी संग्राहक आहे, तेव्हा मी हे काम कसं करतो ते सांगतो.

१९८१ हे साल ऐकलं की मी आधी सावध होतो. त्या वर्षी २७ जूनला न्यू हॅम्पशायरमधल्या हेनिकरच्या रानात बारा जण पेंटबॉलचा, म्हणजे एकमेकांवर रंगाच्या गोळ्या झाडण्याचा, पहिला खेळ खेळले आणि त्यांच्या हातात नेलस्पॉट ००७ होत्या, हे खरंच. (जिंकला रिची व्हाइट, पेशानं फॉरेस्टर, आणि तोही एकदाही चाप न ओढता.) पण ही गन खेळासाठी बनलीच नव्हती. मिशिगनमधल्या आयर्न माउंटन गावची नेल्सन ही रंगाची कंपनी. तोडायच्या झाडांवर आणि कळपातल्या गुरांवर लांबून खूण करता यावी म्हणून तिला असं काहीतरी हवं होतं. त्यामुळे तुमच्या भावाची गन १९८१ च्या कितीतरी आधीची असू शकते आणि नंतरचीही. पहिल्या खेळाची तारीख प्रसिद्ध आहे, म्हणून विकणारे प्रत्येक नेलस्पॉटच्या कपाळी तीच चिकटवतात.

आता मुद्द्याचं. बहुतेक लोक 'कधी' आणि 'किती'पासून सुरुवात करतात. मी 'कोणी बनवली' इथून करतो, कारण या काळातल्या गन्सवरचं नाव आणि बनवणारा कारखाना यांचा मेळ बसेलच असं नाही. रेशनकार्डावर नाव एकाचं आणि घरात राहतोय दुसराच, तसा प्रकार. नेलस्पॉट विकली नेल्सननं, पण ००७ बनवली डेझीनं, म्हणजे छर्‍याच्या बंदुकांसाठी प्रसिद्ध असलेल्या आर्कान्सातल्या रॉजर्स गावच्या कंपनीनं. त्याआधी साठच्या दशकात नेल्सननं क्रॉसमनकडून ७०७ नावाची गन करून घेतली होती, ती फारशी चालली नाही. आणि आतल्या रंगाच्या गोळ्या? त्या आर. पी. शेररकडच्या, म्हणजे औषधांच्या जिलेटिन कॅप्सूल बनवणाऱ्या कंपनीकडच्या. तेव्हा नुसत्या नेल्सनच्या मागे लागलात तर अर्धा कागद हाती लागणारच नाही.

पेटंटमध्ये तर आणखी गंमत आहे. ००७ चं पेटंट डेझीच्या जेम्स हेल यांचं: अर्ज जून १९७२ चा, मंजुरी २९ जानेवारी १९७४ ची, क्रमांक ३७८८२९८. पण शोधताना मालकाच्या रकान्यात 'डेझी' टाकून बसलात तर हात हलवत परत याल. त्या काळात डेझी ही व्हिक्टर कॉम्पटोमीटर या हिशेबाची यंत्रं बनवणाऱ्या कंपनीच्या मालकीची होती आणि पेटंटं तिच्या नावावर जात. म्हणून नावापेक्षा क्रमांकावरून शोधा, मग त्या पेटंटाला पुढे कोणी संदर्भ दिला ते बघत चला. नंतरच्या गन्स बनवणाऱ्यांची साखळी तिथेच सापडते. एक लक्षात ठेवा: अर्जाची तारीख म्हणजे उत्पादनाची तारीख नव्हे. मात्र एखाद्या गनवर मंजूर पेटंटाचा क्रमांक ठोकलेला असेल तर तो ठसा मंजुरीच्या आधीचा असू शकत नाही, आणि 'पेटंट पेंडिंग' असेल तर बहुधा मंजुरीच्या आधीचा. बहुधा अशासाठी म्हणतो की जुने साचे कारखाने सहजासहजी फेकत नाहीत.

यानंतर कागद. खोका, माहितीपत्रक, जाहिरात, काहीही मिळालं तर आधी बारीक अक्षरं वाचा. अमेरिकेत पिनकोडला जोडून चार आकडी शेपूट १९८३ मध्ये आलं. पत्त्यात ते असेल तर कागद त्यानंतरचा. १ मार्च १९८९ पर्यंत छापील मजकुरावर कॉपीराइटची खूण टाकणं हक्क राखण्यासाठी गरजेचं होतं, त्यामुळे ऐंशीच्या दशकातल्या माहितीपत्रकांवर बरेचदा साल सापडतं. ते साल मजकुराचं, गनचं नाही. जाहिरात असेल तर खालच्या कोपऱ्यातलं कापून पाठवायचं कूपन बघा. पत्त्यात 'डिपार्टमेंट' म्हणून दोन-तीन अक्षरं दिसतात, ती कुठल्या मासिकातून ऑर्डर आली हे कळावं म्हणून घातलेली असत. सुटं कात्रण हाती आलं तरी त्यावरून मासिक आणि मग अंक शोधता येतो. मासिकावरचा महिना विक्रीच्या महिन्याच्या पुढचा असतो आणि जाहिरात त्याच्याही आधी दिलेली असते, हे धरून चला. शिवाय जाहिरात छापली म्हणजे माल तयार होता असं नाही. त्या दशकात जाहिरात आधी आणि गन मागाहून, कधीकधी कधीच नाही, असं सर्रास चालायचं.

आता 'किती'. हा प्रश्न सगळे विचारतात आणि याचंच उत्तर सगळ्यात कमी वेळा मिळतं. दुसऱ्या महायुद्धात दोस्त राष्ट्रांच्या संख्याशास्त्रज्ञांनी हस्तगत केलेल्या जर्मन रणगाड्यांच्या सुट्या भागांवरच्या क्रमांकांवरून उत्पादनाचा अंदाज बांधला होता आणि तो चांगलाच जुळला. तीच युक्ती इथे लावायचा मोह होतो. पण तिथे क्रमांक शिस्तीत पडत होते. छोट्या मशीन शॉपमधल्या गन्सचे क्रमांक एकपासूनच सुरू होतील याची खात्री नाही. पहिलीच गन १००१ असेल तर गिऱ्हाइकाला कंपनी जुनी वाटते. मधले क्रमांक वगळलेले असतात, दुरुस्तीत बॉडी बदलली की नवा क्रमांक पडतो. म्हणून मी लिलावांतल्या फोटोंवरून क्रमांकांची यादी ठेवतो, पण त्यातून 'निदान इतक्या' एवढंच म्हणतो, तेही क्रमांक सलग दिसत असतील तरच.

एकच गन दोन नावांनी विकली गेली तर मोजणी आणखी फसते. नॅशनल सर्व्हायव्हल गेम या पेंटबॉलच्या पहिल्या संस्थेनं नेल्सनचा माल विकण्याचा करार केला. मग पर्स्यूट मार्केटिंग, म्हणजे पीएमआय, ही गन्स विकणारी दुसरी कंपनी वेगळीकडे वळली आणि विस्कॉन्सिनमधल्या रसीनच्या शेरिडनकडून गन्स घेऊ लागली. शेरिडनची व्हीएम-६८ म्हणजेच पीएमआय-३. दोन्हींच्या वेगळ्या याद्या करून बेरीज मारणारे महाभाग मी पाहिलेत.

जुन्या लोकांशी बोला, जरूर बोला, पण 'कोणत्या साली?' असं थेट विचारू नका. चाळीस वर्षांनी साल कोणाला आठवतं? 'तेव्हा दुकान कुठे होतं, बारा ग्रॅमच्या सीओटू (गोळी ढकलणारा कार्बन डायऑक्साइड गॅस) नळ्या वापरायचात की मोठी टाकी आली होती, गोळीतला रंग पाण्यानं निघायचा की टर्पेंटाइन लागायचं' असं विचारा. सुरुवातीचा रंग तेलाचा होता, तो कपड्यांवरून काढताना झालेला वैताग माणूस विसरत नाही. कधीकधी देशाचा कायदाच तारखेचा खुंटा होतो: इंडियानातल्या फोर्ट वेनचे टिपमन हे गन बनवणारे आधी खऱ्या मशीनगनच्या अर्ध्या आकाराच्या प्रतिकृती बनवत. १९८६ च्या कायद्यानं नागरिकांसाठी नव्या मशीनगनची नोंदणी बंद झाली आणि ते पेंटबॉलकडे वळले. त्यांची .६२ कॅलिबरची, पाच गोळ्यांच्या पट्टीवर चालणारी एसएमजी-६० त्याआधीची आहे असं कोणी सांगितलं तर तिथेच थांबा.

शेवटी गनच हातात घ्या. मूळ ००७ मध्ये पुढची गोळी बसवायला गन तिरकी करून गोळी घरंगळू द्यावी लागते आणि मागचा बोल्ट हातानं ओढावा लागतो. तुमच्या भावाच्या गनला पुढे पंप असेल, गोळी सुटणारी नळी लांब असेल किंवा गॅसची नळी झटकन बदलायची सोय असेल, तर ते बहुधा नंतर जोडलेलं आहे आणि त्या भागावरून गनचं वय ठरवू नये. ग्रिप काढून आत बघा: मूळ रंग आणि ठसे तिथेच टिकतात, आणि नंतर पाडलेल्या भोकांच्या कडा चटकन ओळखू येतात. पॉलिश करू नका, पुन्हा रंगवू नका. गॅस भरून चालवण्याच्या फंदातही पडू नका, जुनी रबरी सील्स केव्हाच कडक झालेली असतात.

भावाला दोन्ही बाजूंचे, बोल्टच्या मागचे आणि ग्रिपखालचे फोटो काढून कमेंटमध्ये टाकायला सांगा. जवळ एखादी मोजपट्टी ठेवली तर आणखी बरं. खोका असेल तर त्यावरच्या पत्त्याचा फोटो आधी पाठवा.