पोरांना बेळगावला आणताय ना, मग एका दिवशी एकच जागा दाखवा

पेनसिल्व्हेनियात राहणाऱ्या एका ताईंनी विचारलंय. दोन्ही मुलांना त्या घरीच शिकवतात, मोठा अकरा वर्षांचा आणि धाकटी सात, डिसेंबरात महिनाभर माहेरी, बेळगावजवळच्या येळ्ळूरला यायचं ठरलंय, तर अभ्यास बुडू न देता मुलांना काय काय दाखवावं. यादी पण पाठवलीय, बेळगावचा किल्ला, राजहंसगड, कित्तूर, हलशी, गोकाक, सगळं पहिल्याच आठवड्यात.

ताई, जागा सगळ्या चांगल्या आहेत पण एका आठवड्यात नको ओ. गाडीतून उतरायचं, फोटो काढायचा, परत गाडीत बसायचं, यात मुलांच्या पदरात काही पडत नाही. एका दिवशी एकच जागा घ्या, आणि तिथं राबणारा किंवा ती जागा नीट माहीत असलेला माणूस बरोबर असू दे. तुम्हाला तर असा माणूस घरातच मिळेल, म्हणून सुरुवात शिवारापासून करा.

डिसेंबरात भाताची सुगी आटपत आलेली असते आणि त्याच रानात मसूर, हरभरा वर आलेला असतो. मुलांना मामाबरोबर सकाळीच पाठवा, मोबाईल घरी ठेवून. पाणी न पाजता हे पीक येतंच कसं, हा प्रश्न मोठ्याला घालून द्या आणि उत्तर लगेच सांगू नका, खुरपं हातात द्या आणि वीतभर उकरायला लावा. वरची माती कोरडी आणि खाली हाताला गार ओल लागते, काळी माती पावसाचं पाणी किती दिवस धरून ठेवते ते त्याला तिथंच कळेल. धाकटीला मसुराचं एक रोपटं मुळासकट काढून द्या, मुळांवरच्या बारीक गाठी दाखवा, हवेतला नायट्रोजन त्या गाठींतले जिवाणू पिकाला मिळवून देतात हे तिच्या वयाला समजतं.

दुसरा दिवस गुऱ्हाळाचा, आणि हा मात्र काही झालं तरी चुकवू नका. निपाणी-चिकोडीकडं ऊस भरपूर आहे, ओळखीतनं विचारलं तर चालू गुऱ्हाळ सापडतं, आधी फोन करून परवानगी घ्या आणि पहिली काहिल, म्हणजे रस आटवायची मोठी कढई, चुलवाणावर चढायच्या आधी पोचा. रस काहिलीत पडल्यावर वर मळी येते, काही ठिकाणी ती काढायला भेंडीच्या झाडाचा चिकट रस घालतात, चुलवाणाला जाळ असतो त्याच उसाच्या वाळलेल्या चिपाडांचा. मग गुळव्या, म्हणजे गूळ करणारा माणूस, काय करतो बघा, थोडा पाक गार पाण्यात सोडतो, बोटांनी गोळी वळते का बघतो आणि त्यावरनं ठरवतो की काहिल उतरवायची का नाही. त्या वेळी पाक साधारण 118 अंश सेल्सियसच्या आसपास असतो, काकवी, म्हणजे पातळ गूळ, त्याच्या आधीच 105-106 ला काढतात. थर्मामीटर नसताना ते बोटांना कसं कळतं हे मोठ्याला गुळव्यालाच विचारू दे. शंभर किलो उसातून ढोबळमानानं दहा-बारा किलो गूळ पडतो, तेव्हा एका ढेपेला किती ऊस लागला हे गणित तिथंच बसून करायचं. फक्त काहिलीपासून मुलांना लांब ठेवा, उकळता पाक अंगावर उडाला तर वाईट भाजतं. आणि येताना गूळ विकत घेऊन या, त्या माणसांनी कामातला वेळ दिलेला असतो.

बेळगावच्या किल्ल्यात गेलात तर कमल बस्तीत निवांत बसा, बाकीचं राहिलं तरी चालेल. रट्ट राजांच्या काळातलं, 1204 सालचं हे नेमिनाथाचं जैन मंदिर. मंडपात मुलांना पाठीवर झोपून वरचं दगडी कमळ बघू दे आणि वहीत काढू दे, अर्धा तास सहज जातो. बेळगावचे त्याच सालचे दोन कन्नड शिलालेख लंडनला ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत, तेव्हा इंग्लंडात राहणाऱ्या आपल्या लोकांनी आधी तिथली चौकशी करून मग इकडं यावं. किल्ल्यात लष्कराचा भाग आहे, तिकडं कॅमेरा काढू नका.

टिळकवाडीतली काँग्रेस विहीर अगदी जवळ आहे. 1924 च्या अधिवेशनासाठी खणलेली, आणि गांधीजी अध्यक्ष झालेलं ते एकमेव काँग्रेस अधिवेशन. कित्तूरला राणी चन्नम्माचा 1824 चा लढा सांगा, मग जमलं तर नंदगडला, तिथं संगोळ्ळी रायण्णाला 1831 मध्ये फाशी दिलं. हे दोन्ही एका दिवशी कोंबू नका. इकडं पाट्या कन्नडमध्ये असतात, माहिती सांगणारेही बहुतेक कन्नडच बोलतात, म्हणून कन्नड शाळेत शिकणारं एखादं मामेभावंड बरोबर घ्या. मुलं विचारतीलच की आजी मराठी बोलते आणि पाट्या कन्नड का, तेव्हा 1956 ची राज्य पुनर्रचना आणि आपल्या लोकांची त्याबद्दलची भावना शांतपणे, खरी सांगा, पण शेजारच्या कन्नड माणसाबद्दल मनात अढी बसेल असं काही बोलू नका. आपण इथं एकमेकांच्या लग्नात जेवतो, हे पण मुलांना दिसू दे.

गोकाकचा धबधबा डिसेंबरात बारीक असतो, त्याचं खरं रूप पावसाळ्यात, जुलै ते सप्टेंबर. यंदा ते यादीतनं काढा आणि तो दिवस परत शिवाराला द्या, हरभऱ्याला घाटे धरलेत का ते बघायला.

आता कागदाचं. तुमच्याकडं पेनसिल्व्हेनियात वर्षाला 180 दिवस किंवा प्राथमिकला 900 तास दाखवावे लागतात आणि मुलांच्या कामाची फाईल लागते, तेव्हा रोज रात्री तारीख, जागा, किती तास आणि मुलांनी स्वतः लिहिलेलं किंवा काढलेलं एक पान, एवढं ठेवा. कोणतं काम कुठल्या विषयात धरायचं ते तुमच्या इव्हॅल्युएटरला, म्हणजे मुलांचं काम तपासणाऱ्याला, निघायच्या आधीच विचारून घ्या. आणि धाकटी किल्ल्यांना कंटाळलीच तर हायवेवर भूतरामनहट्टीचं प्राणिसंग्रहालय आहे, तिला तिकडं घेऊन जा, मोठ्याला त्या दिवशी आजोबांबरोबर घरीच राहू दे.