बोनसचा खोटा मेल पाठवू का?

प्रश्न: आमच्या ऑफिसात फिशिंगचं (खोट्या मेलने फसवून माहिती काढून घेण्याचं) ड्रिल, म्हणजे सरावाची परीक्षा, घ्यायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. साहेब म्हणतात 'बोनस जमा झालाय' असा मेल टाक, कोण कोण फसलं त्याची यादी मला दे. मला हे पटत नाहीये, पण का ते नीट सांगता येत नाही.

उत्तर: पटत नाहीये ते बरोबरच आहे. डिसेंबर २०२० मध्ये गोडॅडी कंपनीने नेमकं हेच केलं, ६५० डॉलर बोनसचा मेल पाठवला, लोकांनी विश्वासाने माहिती भरली आणि मग कळलं की ती परीक्षा होती आणि आपण नापास! एवढी बोंबाबोंब झाली की कंपनीला माफी मागावी लागली. असल्या मेलने लोक शिकत बिकत नाहीत, आयटीवाल्यांवर डूख धरतात, आणि खरंच काही झालं की गप्प बसतात.

आणि ती यादी तर नकोच. व्हेरायझन या अमेरिकन टेलिकॉम कंपनीच्या २०२४ च्या अहवालात मेल उघडल्यापासून लिंक दाबेपर्यंतचा मध्यक वेळ २१ सेकंद निघालाय (निम्मे लोक त्याच्याही आत दाबतात), म्हणजे आयटीला कळायच्या आत कुणीतरी दाबणारच, मग मोजायचं काय तर पहिली तक्रार किती मिनिटांत आली ते. ईटीएच झ्युरिक या स्वित्झर्लंडमधल्या विद्यापीठाच्या संशोधकांनी १४ हजारांहून जास्त कर्मचाऱ्यांवर १५ महिने हा प्रयोग केला, त्यात क्लिक केल्यावर उघडणाऱ्या धड्याच्या पानाने लोक सावध झाले नाहीत, पण संशयास्पद मेल कळवायचं बटण मात्र शेवटपर्यंत उपयोगी पडलं. तेव्हा आधी बटण द्या, मग ड्रिल.

मेल साधाच ठेवा, 'तुमच्यासोबत फाईल शेअर झाली आहे' वगैरे, फक्त पकडता येईल अशी खूण हवी. उदाहरणार्थ पाठवणाऱ्याच्या पत्त्यात इंग्रजी एमच्या (m) जागी आर आणि एन (rn) चिकटवून लिहा, मोबाईलवर ते हुबेहूब एम दिसतं. ज्याने पकडलं त्याचं कौतुक सगळ्यांसमोर, ज्याने दाबलं त्याच्याशी एकट्याने बोला.

प्रश्न: ड्रिल होणार हे आधी सांगायचं का?

उत्तर: होणार एवढं सांगा, तारीख नको.

माझं विचाराल तर मेलपेक्षा तासाभराची बैठक जास्त कामाची. सगळ्यांना बसवून म्हणायचं, 'सर्व्हर लॉक झालाय, स्क्रीनवर खंडणीची नोटीस आहे, आणि अकाउंट्सला साहेबांच्या आवाजात फोन आलाय की आत्ताच्या आत्ता पैसे पाठवा. आता कोण काय करणार?' पहिली दहा मिनिटं सगळे एकमेकांकडे बघतात, मग कुणीतरी म्हणतं बँकेला फोन करू, आणि तेव्हा कळतं की नंबरांची फाईल त्याच लॉक झालेल्या सर्व्हरवर आहे. साहेबांनाही बसवा, त्यांच्या नावाने फोन आला तर पैसे सोडायच्या आधी उलटा फोन करून खात्री करायची परवानगी त्यांच्याच तोंडून सगळ्यांना मिळू दे.